एकोणीस कच्चे टाके

मित्रांनो, नाक मुरडू नका. माझी पाठ उभी फाटली आहे, अंगावरून काळे पापुद्रे गळतात, छातीवर वाळलेल्या गोंदाचे डाग आहेत, आणि उजवी बाही धड नाही. सगळं मला ठाऊक आहे. मी एका गाणाऱ्या माणसाचा कोट आहे. गाणारा म्हणजे हात जोडून बैठकीला बसणारा नव्हे. कानठळ्या बसवणाऱ्या गिटारींपुढे उभा राहून हजारोंना ओरडायला लावणारा. लोक त्याला 'वणवा' म्हणत. मी अस्सल कातड्याचा आहे असं छापून आलेलं आहे. ते खोटं आहे. मी रेक्झिनचा आहे. जिथे गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवतात, तिथल्या उरलेल्या तुकड्यांतून मी जन्मलो. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, अशातलाच मी एक.

मला शिवलं वणव्याच्या थोरल्या बहिणीने. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं. ती त्या कारखान्यात मशीनवर होती आणि घरी आणलेलं काम पायमशीनवर करायची. धाकटा मशीनशेजारी स्टुलावर बसून पायपट्टीच्या ठेक्यावर गुणगुणायचा. लहानपणी फार रडायचा, म्हणून ती त्याला 'भोंगा' म्हणायची. भोंग्याने तिच्यासाठी एक गाणं रचलं होतं. 'सुई ठेव, दोरा तोड, ताई, आता पुरे.' एवढंच धृपद. चाल हळू, मशीन थांबत थांबत जाते तशी. ते गाणं त्याने लोकांसमोर गावं आणि आपण समोर बसून ऐकावं, एवढी एकच हाव त्या बाईने आयुष्यात धरली. मी जन्मलो तो त्या गाण्यासाठी.

पहिल्या कार्यक्रमाच्या दिवशी माझी उजवी बाही शिवायची राहिली होती. ताईला कारखान्यात संध्याकाळची पाळी लागली होती, सुट्टी मिळाली नव्हती. तिने बाही हातानेच कच्च्या टाक्यांनी अडकवली आणि चपला घालता घालता म्हणाली,

"हात फार वर करू नकोस. उद्या मशीन मारून देते."

"मी कुठे हात वर करतो? मी तर डोळेपण उघडत नाही," भोंगा म्हणाला.

खरंच होतं ते. माझ्या आत त्याचं काळीज धडधडत होतं. कामगारांचं सभागृह भरलेलं होतं. त्याने डोळे मिटून ताईचं गाणं सुरू केलं. दुसऱ्या ओळीला मागून शिट्टी आली. तिसऱ्या ओळीला कुणीतरी म्हणालं, "अरे, झोपवतोस काय?" लोक हसले. तो दचकला, माईकचा दांडा कलंडला, तो सावरायला त्याने हात झटकन वर नेला, आणि माझी बाही खांद्यापासून उसवून लोंबायला लागली. पोराची लाजेने लाही झाली. लोंबती बाही लपवायची कुठे? त्याने ती ओढून काढली आणि त्या ओरडणाऱ्याच्या अंगावर फेकली.

सभागृह पेटलं. लोक उभे राहिले. मग तो जे ओरडत सुटला ते सगळ्यांच्या ओळखीचं, मोठ्या आवाजाचं होतं. ताईचं गाणं तिसऱ्या ओळीवर पडलं ते पडलं. सकाळी पेपरात आलं, 'संतापाने स्वतःचा कोट फाडणारा वणवा'. मित्रांनो, संताप कसला? टाके कच्चे होते.

परत आणलेली बाही हातात धरून ताई रडकुंडीला आली. "माझी चूक रे. सुट्टी दिली असती मेल्यांनी, तर पक्की शिवली असती."

"पक्की नको," तो पेपर दुमडत म्हणाला. "अशीच ठेव. त्यांना हेच पाहिजे."

त्या दिवसापासून माझा धंदा ठरला. ताईने कारखाना सोडला आणि ती त्याच्याबरोबर गावोगाव फिरायला लागली. दर कार्यक्रमाला पडद्यामागे ती माझी बाही अडकवायची. टाके एकोणीस. अठरा घातले तर चालतानाच लोंबायची, वीस घातले तर दोन हिसके लागायचे. हे गणित तिला, त्याला आणि मला माहीत, चौथ्याला नाही. एकोणिसावा टाका घालून, दोरा दाताने तोडून ती रोज म्हणायची, "आज अख्ख्या कोटात गा की रे. आपलं गाणं गा."

"पुढच्या वेळी, ताई."

समोर लोक "फाड, फाड" ओरडायचे. त्याचा हात आपोआप खांद्याकडे जायचा. गाणं आवडलं नाही तरी चालेल, बाही फाटली पाहिजे. दहा वर्षं मी रोज फाटलो आणि रोज जोडला गेलो. फाटण्याचं दुःख नव्हतं. कपड्याचा जन्मच तो. पण घरी जेवताना ताईने भात उशिरा वाढला, तरी तो ताट आपटायला लागला. पोराने सोंग पांघरलं होतं, आता सोंग पोराला पांघरून बसलं.

तिशी उलटल्यावर राग शिळा झाला. त्याचा मॅनेजर म्हणाला, "बॉस, रागाचे दिवस गेले. आता चमकायचं." भोंग्याच्या डोळ्यांत काजळ आलं, केस तांबडे झाले, आणि माझ्या छातीवर टिकल्या, आरसे, जे हाताला येईल ते चिकटवलं गेलं. हे डाग त्याच गोंदाचे. बाहीला टिचबटणं लावली. टच् करून निघायची, टच् करून बसायची. मग सुईचं कामच उरलं नाही. मॅनेजर ताईला गोड आवाजात म्हणाला, "तुम्ही आता आराम करा. फोटोवाले असतात, परदेशी पाहुणे असतात. तुम्ही तिथे सुईदोरा घेऊन बसता, ते जरा..."

"जरा काय?" ताईने विचारलं.

मॅनेजर भोंग्याकडे बघत राहिला. भोंगा आरशात बघत राहिला. काजळ पसरलं होतं म्हणे.

ताईने सुयांची डबी पिशवीत टाकली आणि ती निघून गेली. तेव्हा आरशातून एकदा तरी वळून तिच्याकडे बघितलं असतं, तर मी त्याला आजही माफ केलं असतं.

त्यानंतर मुलाखती सुरू झाल्या. "हा कोट मी स्वतः बेतला. मालकाने कानाखाली मारली, तेव्हा त्याच्यासमोरच बाही फाडली." कुठला मालक? हा एक दिवसही कुठे नोकरीला नव्हता. मी त्याच्या अंगावर बसून ऐकत होतो, आणि माझ्या प्रत्येक शिवणीत ताईच्या हाताचा ताण होता.

पन्नाशीकडे टिकल्याही शिळ्या झाल्या. केस पिकले, तर मॅनेजरने त्यांचीच जाहिरात केली. आता तो पांढरा झगा घालून, स्टुलावर बसून हलक्या आवाजात बोलू लागला. गायचा कमी, सांगायचा जास्त. टीव्हीवर म्हणाला, "तो काळा कोट म्हणजे माझा अहंकार होता. एका पहाटे मी तो जाळला." लोकांचे डोळे पाणावले. त्या पहाटे मी एका पिशवीत कोंबलेला, ड्रायव्हरच्या हातून ताईच्या घरी पोचलो होतो. चिठ्ठीसुद्धा नव्हती बरोबर.

ताईने माझ्या टिकल्या एकेक खरवडून काढल्या, टिचबटणं उचकटली, मला ओल्या फडक्याने पुसलं आणि माळ्यावर ठेवलं. वर्षाकाठी एकदा खाली काढायची, डांबराच्या गोळ्या बदलायची. मला वाटायचं, हिने मला फेकून का दिलं नाही? मग कळलं. तिला अजून आशा होती. आशेसारखी चिवट गोष्ट नाही, मित्रांनो. रेक्झिन गळतं, ती गळत नाही.

पुढे पांढरा झगाही लोकांना कंटाळवाणा झाला. मॅनेजर मेला, त्याची मुलगी कारभार बघायला लागली. तिने सांगितलं, "काका, लोकांना जुना वणवा हवाय. तो जळालेला कोट शोधा."

जळालेला कोट शोधायला तो ताईच्या दारात आला. साठी उलटलेला, केस काळे केलेले, पोटाला आवळपट्टा. ताईची बोटं वाकडी झाली होती आणि चष्मा बाटलीच्या बुडाएवढा जाड. मी आल्यापासूनच्या बारा वर्षांत तो त्या घरी आला नव्हता.

"आहे का गं तो?"

"तू जाळलास ना? टीव्हीवर सांगितलंस," ताई म्हणाली.

तो ओशाळून हसला. ताईने मला खाली काढलं, त्याला चढवलं. पाठीत मी करकरलो, दोन पापुद्रे लादीवर पडले. त्याला हात पुरता वर नेता येत नव्हता. खांदा कधीचा धरला होता.

"शेवटचा कार्यक्रम आहे, ताई. तुझेच टाके पाहिजेत. ही आजची पोरं अडकवतील तर चालतानाच गळून पडेल. तू समोर पहिल्या रांगेत बस."

"आपलं गाणं गाशील?"

"बघू. आधी बाही तर फाटू दे."

तो गेला. ताई मशीनवर बसली. सुयांची डबी तिने उघडली नाही. कपाटातून सीट शिवायचा जाड नायलॉनचा दोरा काढला, बॉबिन भरली, आणि मला मशीनखाली घेतलं. दोनदा शिवण मारली. वरून तिसऱ्यांदा. मला सगळं समजत होतं. बाही निघालीच नाही, तर याला अख्ख्या कोटात उभं राहावं लागेल. अख्ख्या कोटात उभा राहिला, तर गाईल. साधा हिशोब होता तिचा. तिला वाटत होतं, कोटाच्या आत अजून तोच पोरगा आहे.

मैदान भरलं होतं. पहिल्या रांगेत ताई ठेवणीतलं लुगडं नेसून बसली होती. तीन गाणी झाली आणि लोक सुरू झाले, "फाड, फाड." त्याने डाव्या हाताने माझी उजवी बाही धरली आणि हिसका दिला.

काही झालं नाही.

वाजवणारे थबकले. त्याला वाटलं, हात घसरला. त्याने पुन्हा ओढलं. ताईची शिवण जागची हलली नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "आजोबांना मदत करा रे." हशा पिकला. आणि मग शांतता पडली, खरी शांतता, चाळीस वर्षांत त्याच्यासमोर न पडलेली. तो अख्ख्या कोटात उभा होता. ताई उठली. मोठ्याने नाही, पण मला स्वच्छ ऐकू आलं,

"भोंग्या, राहू दे. गा."

त्याने तिच्याकडे बघितलं. मग दात आवळले, सगळं अंग मागे टाकलं, आणि तिसरा हिसका दिला. माझी पाठ वरून खालपर्यंत फाटली. त्याच क्षणी आतून, त्याच्या खांद्यातून, काहीतरी सुटल्याचा आवाज आला. तो कापडाचा नव्हता. भोंगा गुडघ्यांवर बसला. काही लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, नवीन काहीतरी बसवलंय.

दवाखान्यात हात इतका सुजला होता की मला काढता येईना. नर्सने माझी बाही कात्रीने कापली, ताईच्या शिवणीच्या जरा खालून. शिवण मात्र शेवटपर्यंत उसवली नाही. डॉक्टरांनी सांगितलं, हात आता छातीच्या वर जाणार नाही.

महिन्याभराने तो ताईकडे आला. मी पिशवीत, हात झोळीत. मशीनशेजारच्या स्टुलावर बसला. मॅनेजरच्या मुलीचे फोन येणं बंद झालं होतं. वाकलेला म्हातारा बघायला लोक तिकीट काढत नाहीत.

"ताई, एकोणीसच घातले होतेस ना?"

"नाही. मशीन मारली होती. तीन वेळा."

 ताईची मान खाली होती. मला वाटलं, आता तो ओरडेल. एवढ्या वर्षांची सवय. पण तेवढाही वणवा त्याच्यात शिल्लक नव्हता.

"तू उठून काहीतरी म्हणालीस," तो म्हणाला.

"गा म्हणाले."

"ऐकू आलं होतं मला." त्याने झोळी सावरली. "पण काय गायचं, तेच आठवेना."

ताईने चष्मा काढून पुसला. मग वाकड्या बोटांनी मशीनच्या फळीवर ठेका धरला आणि फाटक्या, बेसूर आवाजात म्हणाली, 'सुई ठेव, दोरा तोड, ताई, आता पुरे.' तिला सगळं पाठ होतं. सगळी कडवी तिने म्हटली. तो मान हलवत, मन लावून ऐकत होता, जसं परक्याचं ऐकतात. संपल्यावर म्हणाला,

"चाल चांगली आहे गं. कुणाची?"

 चहा टाकते म्हणून ताई आत गेली, आणि आत गॅस पेटल्याचा आवाज बराच वेळ आला नाही.

मित्रांनो, अशा कहाणीच्या शेवटी जुन्या वस्तूने हात जोडून म्हणायचं असतं की आमची निगा राखा. मी म्हणणार नाही. माझं जे व्हायचं ते झालं. रेक्झिन आहे, गळणारच. निगा माणसाची राखायची असते, आणि ती तुम्ही राखत नाही, हे मी तुमच्यासमोर उभा राहून इतकी वर्षं बघितलंय. एखाद्याची लाज निघते, तुम्हाला मजा येते, तुम्ही वन्स मोअर देता. तो बिचारा तीच लाज रोज काढत बसतो. उद्या कुणी पोरगा तुमच्यासमोर डोळे मिटून, हळू आवाजात काही गायला लागला, तर शिट्ट्या मारू नका. आवडलं नाही तर उठून जा. दार उघडं असतं. पण त्याचं गाणं संपू द्या.