केळवणाच्या मॅट

खणाचं कापड पुन्हा सरकलं. स्मिताने मशीन थांबवलं, मॅट सुईखालून ओढून काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. वरचा लाल खण एकीकडे पळाला होता, खालचं पांढरं अस्तर दुसरीकडे, आणि मधे चुण्याच चुण्या. जरीच्या काठाचा कोपरा तर कुणी रागाने दुमडल्यासारखा वाकडा बसला होता.

"मेलं कापड!" म्हणत तिने पुन्हा उसवायला घेतलं.

तिला शिवण येत नव्हतं अशातला भाग नाही. कळंबोलीच्या या सोसायटीत राहायला आल्यापासून ब्लाउज, पडदे, साड्यांचे फॉल सगळं ती घरीच करायची. म्हणूनच जास्त संताप होत होता. ताटाखाली घालायच्या आठ मॅट, त्यात असं काय अवघड होतं?

उद्या दुपारी तिच्या धाकट्या दिराचं, सुधीरचं केळवण होतं. सुधीरची बायको गीतांजली जाऊन चार वर्षं झाली होती. आता साठीच्या उंबरठ्यावर तो सगुणाशी लग्न करत होता. रबाळ्याच्या त्याच्याच कंपनीत ती स्टोअर सांभाळायची. मूळची नावडे गावातली. वडिलांच्या आजारपणात तिचं लग्नाचं राहूनच गेलं होतं. घरात कुणाचा विरोध नव्हता. उलट सुधीरची मुलगी क्षिप्राच सगळ्यांत पुढे होती. पुण्याहून फोन करून तिने बजावलं होतं, "काकू, छान कर हं सगळं. त्यांच्या माणसांना वाटायला नको की आपण नाइलाजाने करतोय."

ते स्मिताला लागलं होतं, कारण ते खोटं नव्हतं. गीतांजली तिची जाऊ. दोघी आयुष्यभर कडाकडा भांडल्या होत्या आणि भांडण झालं की दुसऱ्या दिवशी कुणीतरी एक डबा घेऊन दुसरीच्या दारात उभी राहायची. त्या जागी आता दुसरी बाई येणार म्हटलं की स्मिताचं मन मागे सरायचं. आणि मन मागे सरलं की ती जोरजोरात पुढे पुढे करायची. तशीच साखरपुड्यात सगळ्यांसमोर बोलून बसली होती, "केळवण आमच्याकडे! टेबल असं सजवीन की बघत राहाल. मॅटसुद्धा मी घरी शिवणार."

तिचे यजमान श्यामसुंदर चहाचा कप घेऊन दारात येऊन उभे राहिले. "दोनच झाल्या?"

"मोजायला येऊ नका."

"ऑनलाइन मागवू का? संध्याकाळपर्यंत येतील."

"त्या प्लास्टिकच्या? आमटी सांडली की फडक्याने पुसायच्या?"

"अगं, पुसता येतात हे चांगलंच ना?"

स्मिताने त्यांच्याकडे असं बघितलं की ते कपासकट परत फिरले.

तिसऱ्या मॅटला सुई मोडली. स्मिता तशीच गाऊनवर ओढणी टाकून खाली मार्केटमध्ये गेली. दुकानदाराकडे बारीक सुई संपली होती. त्याने जाड दिली, "चालते हो ताई, सगळे हीच नेतात" म्हणाला. त्या जाड सुईने खणावर टाक्याटाक्याला भोकं पडली. स्मिताने मॅट भिरकावली. ती पंख्याच्या वाऱ्याने उडून सोफ्याखाली गेली, तर ती काढायलाही वाकावं लागलं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात सगुणा उभी होती, हातात केळीच्या पानांची गुंडाळी.

"भावाने परसातली तोडून दिली, वहिनी. उद्याला लागतील म्हनून. मी जाते लगेच."

"आता आलाच आहात तर पाणी तरी घ्या," स्मिता म्हणाली. खरं तर सगुणाने जावं असंच तिला वाटत होतं. पण सगुणा आत आली आणि मशीनपाशीच थांबली. जमिनीवर धाग्यांचा पसारा, कापडाच्या चिंध्या, टेबलावर तयार झालेल्या दोन मॅट.

"हे आमच्यासाठी?" तिने हळूच विचारलं. "केवढं सुंदर हाय!"

"सुंदर कसलं? बघा ना, कशा लाटा आल्यात."

"इस्त्री केली तर बसतील. मला शिवन येत नाय, पन इस्त्री करते मी."

"राहू दे हो."

"काय होतंय? तुमी शिवा तोवर."

नको म्हणायला काही कारण सापडेना. स्मिता मशीनकडे वळली. काठ जुळवून तिने जेमतेम चार टाके घातले असतील, तर मागून 'चर्र' आवाज आला आणि जळकट वास सुटला. जरीचा काठ नकली होता. तापलेल्या इस्त्रीखाली तो आक्रसून काळपट गोळा झाला होता. तयार दोन मॅटमधली जास्त चांगली, ती.

"अगं बाई!" सगुणाने इस्त्री उचलली. काठाचा तुकडा इस्त्रीलाच चिकटून वर आला.

स्मिताचा तोल गेला. "तुम्हाला सांगितलं होतं राहू द्या म्हणून! प्रत्येक गोष्टीत हात घालायलाच हवा का?"

"प्रत्येक म्हंजे?" सगुणाचा चेहरा उतरला. "मी आजून कशात हात घातला, वहिनी?"

 आपण काय बोललो ते स्मिताला आत्ता ऐकू आलं. ती खुर्चीत बसून राहिली आणि मग तिच्या डोळ्यांतून रागाचंच पाणी यायला लागलं. "सकाळपासून बसलेय. एक धड होत नाही. सगळे म्हणतात आनंदाने कर. करतेय ना मी! पण गीतांजलीची आठवण येते त्याला मी काय करू? तुमच्याबद्दल माझ्या मनात वाईट नाही. पण चांगलं वाटायलाही वेळ लागतो की नाही?"

सगुणाने इस्त्रीचं बटण बंद केलं आणि वायर गुंडाळत राहिली.

"मला कुठं जमतंय?" ती शेवटी म्हणाली. तिच्याही आवाजात चीड होती. "त्यांच्या घरी गेले का समोर गीतांजलीताईंचा फोटो. नमस्कार करू का नको, तेच कळत नाय. नमस्कार केला तर नाटक वाटेल, नाय केला तर माज. घरी साडी आनली तर भावजय म्हनते, या वयात एवढी भडक? फिकी आनली तर म्हनते, लगीन हाय का दहावा? वैताग आलाय मला. वाटतं नकोच ते लगीन."

"असं नका बोलू."

"मंग कुनाला बोलू?"

 स्मिताने उठून दोघींसाठी पाणी आणलं. मग उसवायची एक मॅट सगुणाच्या पुढे सरकवली. "हे टाके काढा. हळू. कापड फाडू नका."

सगुणाने दोन ठिकाणी फाडलंच. स्मिताने दात आवळले आणि पुढची मॅट सुईखाली घेतली. अंधार पडेपर्यंत कशाबशा सहा मॅट उभ्या राहिल्या. त्यातली एक बरी म्हणण्यासारखी होती. उरलेल्या दोन जागांसाठी सगुणाने आणलेल्या पानांचे तुकडे कापून ठेवले.

दुसऱ्या दिवशी माणसं जेवायला बसली तेव्हा ताटं थोडी डुगडुगली. क्षिप्राने फोटो काढले, सुधीर "वहिनी, कमाल केलीत" म्हणाला, आणि ते तो काहीही बघून म्हणाला असता हे स्मिताला माहीत होतं. त्यातल्या त्यात बरी मॅट तिने मुद्दाम सगुणाच्या भावाला, धर्मराजला दिली होती. त्याने दुसऱ्यांदा कढी मागितली आणि घेताना वाटी थेट मॅटवरच उलटली.

"अरेरे!" तो रुमाल काढू लागला.

"असू दे, धुतली की निघेल," स्मिता हसून म्हणाली. आतून तिला किंचाळावंसं वाटत होतं. श्यामसुंदर काहीतरी बोलणार होते. तिने डोळ्यांनीच त्यांना गप्प केलं.

पाहुणे गेल्यावर तिने साऱ्या मॅट बादलीत भिजत घातल्या. थोड्या वेळाने बघते तर पाणी लालभडक. खणाचा रंग गेला होता आणि पांढऱ्या अस्तरावर गुलाबी ढग उठले होते. ती ओल्या हातांनी बादलीकडे बघत उभी होती, तेवढ्यात फोन वाजला.

"वहिनी, कढीचा डाग गेला का वो?" पलीकडे सगुणा होती.

"डाग आहे तसाच आहे. बाकीचं सगळं मात्र गेलं. रंगसुद्धा."

पलीकडून दाबलेलं हसू ऐकू आलं. स्मिताला आधी राग आला. मग तीही नाक ओढत हसली, थोडंसंच.

"हसतेस काय?" ती म्हणाली. "बुधवारी सुट्टी घे. दादरला जाऊ. भडक नाही नि फिकी नाही, अशी साडी बघू तुला."

फोन ठेवून तिने मॅट एकेक करून पिळल्या. पिळताना एकीची शिवण उसवली. तिने ती तशीच दोरीवर टाकली.