बत्तीस, अकराकडून

"बत्तीस. अकराकडून," मी वर्लिनच्या कानाशी म्हटलं. "नाही, थांब. खोड. तिनं वळून दोनदा चेंडू आपटला, मग टाकला."

"मग असिस्ट नाही?"

"तूच म्हणतोस ना, घेणारीनं स्वतःचं डोकं चालवलं की बास्केट तिची एकटीची."

वर्लिनने खोडलं. पलीकडे अकरा नंबरची केंडल आमच्या नोंदीच्या टेबलाकडे बघत होती. तिला एकच असिस्ट, म्हणजे जिच्या हाती पडताच बास्केट होते असा एक पास, हवा होता. तो मिळाला की शाळेचा जुना विक्रम मोडणार होता, आणि आपल्या जिममधला हा तिचा शेवटचा सामना होता. पण आज पोरींच्या हाताला काय झालं होतं कोण जाणे! केंडल लोण्यासारखे पास देत होती आणि घेणाऱ्या चेंडू कड्यावर आपटत होत्या. बास्केट झाली नाही तर पास कितीही सुंदर असो, त्याची नोंद कुठेच होत नाही. हा नियम मला कधीच पटलेला नाही.

वर्लिन माझा नवरा. आमच्या इंडियानातल्या या लहानशा गावात बास्केटबॉलची आकडेवारी म्हणजे वर्लिन. आधी मी नुसती शेजारी बसायची, कारण लिहिताना त्याची मान खाली जायची आणि तेवढ्यात काही सुटलं तर मी सांगायची. मग त्याचे डोळे बिघडले. जवळचं दिसतं, मैदानावर मात्र धुकं. डॉक्टरांनी हात टेकले. "शाळेला सांगू नकोस ओपल, खुर्ची जाईल माझी," तो म्हणाला होता. तेव्हापासून बघते मी आणि लिहितो तो. पास देणारीचा हात अजून चेंडूवर आहे असं वाटलं पाहिजे, तरच असिस्ट, हे त्याचं वाक्य. ते वाटतं की नाही, हे ठरवते मी.

मध्यंतराला शाळेच्या खेळांचे प्रमुख डेटमर माइक घेऊन मैदानाच्या मधोमध आले. वर्लिनला बोलावलं. त्याचं नाव कोरलेली लाकडी पाटी त्याच्या हातात दिली.

"पूर्ण जिल्ह्यात यांच्याइतकी तीक्ष्ण नजर नाही!" डेटमर म्हणाले.

लोक उभे राहिले. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो आमच्या घरचाच! तरी मी टाळ्या वाजवल्या. म्हटलं, आता तो बोलेल. डोळ्यांचं सांगू नको बाबा, पण माझं नाव तरी घे.

वर्लिनने शाळेचे आभार मानले. सगळ्या कोचांचे मानले. बर्फातून वाट काढून येणाऱ्या प्रेक्षकांचे मानले. दारात पॉपकॉर्न विकणाऱ्या डॉटीचेही मानले. सगळे हसले, डॉटीने हात हलवला. मग तो जागेवर आला आणि पाटी माझ्या मांडीवर ठेवली.

"धर जरा," म्हणाला.

खेळ सुरू झाला. मी हाताची घडी घातली आणि तोंड मिटलं.

"कुणी टाकला, ओपल?"

मी मांडीवरची पाटी उलटी केली.

"ओपल! कुणी टाकला?"

"पूर्ण जिल्ह्यात तीक्ष्ण नजर तुझी. बघ की."

"आता हे काय मध्येच? कुठे माशी शिंकली?"

"डॉटीला विचार."

त्याला कळलं नाही. खरंच कळलं नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला. तो डोळे बारीक करून मैदानाकडे बघत राहिला, पेन कागदावर अधांतरी. तेवढ्यात केंडलने दोघींच्या मधून चेंडू जमिनीलगत सरकवला. बत्तीस नंबरच्या ब्रिनने तो घेतला आणि घेतल्या घेतल्या आत टाकला. एकदाही आपटला नाही. धावत परतताना ब्रिनने केंडलकडे बोट केलं. आमच्याकडे ही रीतच आहे. बास्केट टाकली की जिने पास दिला तिच्याकडे बोट करायचं, म्हणजे सगळ्या जिमला कळतं की ही कुणामुळे झाली.

केंडल ब्रिनकडे नाही, कोचकडे नाही, आमच्या टेबलाकडे बघत होती.

"ओपल," वर्लिन अगदी हळू म्हणाला. "मला दिसलं नाही गं."

माझा राग तसाच होता. अजूनही आहे. पण त्याचा भुर्दंड त्या पोरीनं का भरायचा? कुणीतरी आपलं नाव घेईल म्हणून वाट बघणं काय असतं, ते मी नुकतंच मैदानाकडे तोंड करून अनुभवलं होतं.

"बत्तीस," मी म्हटलं. "अकराकडून. स्वच्छ."

त्याने लिहिलं आणि निवेदकाला खूण केली. विक्रम जाहीर झाला. खेळ थांबवून चेंडू केंडलच्या हातात दिला, तिची आई खुर्चीवर चढून ओरडत होती. डेटमर धावत आले आणि त्यांनी वर्लिनच्या पाठीवर थाप मारली.

"वर्लिन, तुमच्या नजरेतून काही सुटत नाही!"

"सुटून कसं चालेल?" वर्लिन म्हणाला.

बाहेर पडलो तेव्हा ऊन उतरत होतं आणि मक्याच्या कापलेल्या शेतांवर बर्फ होता. गाडी मीच चालवते. वर्लिन शेजारी बसला, पाटी मांडीवर घेऊन अक्षरांवरून अंगठा फिरवत. मी किल्ली फिरवणार तोच तो माझ्याकडे वळला आणि त्याने हात वर केला. बोट सरळ माझ्याकडे. ब्रिनने केलं होतं अगदी तसं.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"पट्टा," तो म्हणाला. "पट्टा लावला नाहीस."

मी पट्टा लावला, आरसा नीट केला आणि त्याला घरी घेऊन आले.