पिशवीतून पडलेलं पिल्लू

मित्रांनो, मी कांगारू आहे, पण माळावर उड्या मारणारी नव्हे, झाडावर राहणारी. पाठीवर दोन सोनेरी पट्टे, लांबलचक शेपूट आणि फांदी घट्ट धरणारी नखं, अशी मी. आमचं मूळ घर न्यू गिनी बेटावरच्या डोंगराळ जंगलात. तिथली झाडं तुटत गेली, शिकारही झाली, आणि आम्ही थोडे उरलो. मी मात्र जन्मले सिंगापूरच्या एका प्राणिसंग्रहालयात. न पाहिलेल्या जंगलाची ओढ म्हणा नाहीतर स्वभाव, मला एका जागी बसवत नाही. या फांदीवरून त्या फांदीवर माझ्या येरझारा चालूच असतात.

माझी देखभाल क्षिप्राताई करते. सगळ्यांशी ती इंग्रजीत बोलते, माझ्याशी मराठीत. "काय गं, आज रताळं नको का?" असं विचारत ती माझं खाणं ठेवते.

यंदा माझ्या पोटाच्या पिशवीत पिल्लू वाढत होतं. ते डोकं बाहेर काढू लागलं, तशी आमच्या दालनाच्या काचेसमोर गर्दी होऊ लागली. एका रविवारी शहरातल्या सेरंगून भागातून ऋचा नावाची मुलगी बाबांबरोबर आली.

"काच वाजव, म्हणजे ती उडी मारेल," बाबा म्हणाले.

"डोन्ट, बाबा. शी इज स्केअर्ड, लाह," शेवटी 'लाह' जोडत ऋचा अस्सल सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

बाबांनी हसत स्वतःच काच वाजवली. मग इतरांनीही. मी भेदरून खाली झेप घेतली आणि पिल्लू पिशवीतून निसटून जमिनीवर पडलं. त्याचा बारीक आवाज मला ऐकू येत होता, तरी भीतीने मी पुन्हा शेंड्याकडे पळाले.

क्षिप्राताई धावत आली आणि इंग्रजीत ओरडली, "सगळे मागे व्हा. ही शांत झाली नाही, तर पिल्लाला परत घेणार नाही."

ऋचाच्या बाबांचा चेहरा उतरला. "चूक माझी आहे. मी काय करू?"

"वाटेवर उभे राहा. कुणाला इकडे येऊ देऊ नका."

ते खरंच उभे राहिले. क्षिप्राताई पिल्लाला फडक्यात गुंडाळून, छातीशी धरून झाडाखाली बसली. मी थोडी खाली यायचे, पुन्हा वर जायचे. जीव दोन्हीकडे ओढत होता. अखेर मी तिच्याजवळ उतरले आणि पिल्लाला हुंगलं. त्याला माणसाचा वास येत होता, पण होतं ते माझंच. त्याने पिशवीत डोकं खुपसलं. क्षिप्राताईने डोळे पुसले.

पिल्लू आता माझ्यामागून फांदीवर चढतं. मी मात्र अजूनही जराशा आवाजाने दचकते. मित्रांनो, आम्हाला बघायला जरूर या, पण आम्ही उडी मारावी असा हट्ट धरू नका. कुणाच्या पिशवीत पिल्लू आहे, ते बाहेरून नेहमीच दिसत नाही.