नंदाची जीभ

वाइन चाखणाऱ्यांचं बरं असतं. तोंडात घोळवायची आणि थुंकून टाकायची. बिअरला ती सोय नाही. त्यातून हॉप्स सढळ हाताने घातलेली बिअर असेल, तर ती घशाखाली उतरल्याशिवाय तिचा खरा कडूपणा कळत नाही. हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी हिरवी फुलं. सुदर्शन खराडीतल्या एका मायक्रोब्रुअरीत हीच फुलं उकळून बिअर बनवायचा, आणि गेल्या तीन वर्षांत त्याने एक घोटही गिळला नव्हता.

हलवायाला साखर वर्ज्य व्हावी तसाच प्रकार. यकृताने दगा दिला होता. डॉक्टर अस्सल पुण्याचे, गोड बोलायची सवय नसलेले. म्हणाले, "आता एक घोट घेतलात तर परत इथे येऊ नका. आपला दोघांचाही वेळ जाईल." अमरावतीहून रसायनशास्त्राची पदवी घेऊन आलेल्या सुदर्शनला पिण्यापायी आधी दोन कारखान्यांतून नारळ मिळाला होता. पंचेचाळिशीत आणखी कुठे त्याला कोण दारात उभं करणार होतं? आणि ब्रुअरीत खरं सांगावं, तर न पिणारा बिअरवाला ठेवून घेण्याइतका मालक खुळा नव्हता.

मग नवरा-बायकोने मिळून तोडगा काढला. मिळून म्हणजे त्याने सांगितला आणि नंदाने मान डोलावली. घरी शांतपणे चाखतो, असं मालकाला सांगून नमुन्याच्या बाटल्या येरवड्याला घरी आणायच्या, तिने दोन घोट घ्यायचे, काय लागलं ते सांगायचं आणि उरलेली बिअर मोरीत ओतून द्यायची. नंदा जन्मात दारूला न शिवलेली, उपासतापास करणारी बाई. अशा बाईला दोन घोटांनी काय होणार, असं या शहाण्याला वाटलं. स्वतः कसा सुरू झाला होता, ते मात्र त्याला आठवलं नाही.

पहिल्या दिवशी तिने तोंड वाकडं केलं. "कडुलिंबाचा पाला चावल्यावानी लागते." पण बाईची जीभ विलक्षण निघाली. महिन्याभरात ती कडूतलं कडू वेगळं करू लागली. ही कोवळ्या कारल्याची, ही मेथीदाण्याची, हिच्यात कैरीचा चीक आहे, तिच्यात संत्र्याची साल. सुदर्शन ते जरा साहेबी भाषेत कागदावर उतरवून न्यायचा. मालक दिग्विजय तिशीतला, खराडीचाच. आजोबांच्या ज्वारीच्या रानात आयटी पार्क उभं राहिल्यावर त्याने ब्रुअरी काढली होती. तो चारचौघांत सांगायचा, "सरांची टंग म्हणजे मशीन आहे, मशीन." सुदर्शन खाली मान घालून ऐकून घ्यायचा.

त्या शुक्रवारी कंपन्यांतली पोरं संध्याकाळी गर्दी करणार होती. दोन टाक्यांत एकच कडू बिअर, आयपीए म्हणतात ती, फक्त हॉप्स निरनिराळे. बेंगळुरूचा एक नवा ब्रुअर दिग्विजयच्या मनात घोळत होता, हे सुदर्शनच्या कानावर आलं होतं. "सर, आज कोणती लावायची, ते बाराच्या आत फायनल सांगा," दिग्विजय म्हणाला. एरवी सुदर्शन नमुने संध्याकाळी घरी न्यायचा. त्या दिवशी तो सकाळी दहालाच, न कळवता, घरी पोचला.

नंदाने त्याच्यापुढे चहा ओतला. कपात कमी पडला आणि ओट्यावर जास्त सांडला. हात थरथरत होता. ही थरथर सुदर्शनच्या चांगली ओळखीची होती. दहा वर्षं सकाळी उठल्यावर ती त्याच्याच बोटांत असायची. तरी त्याने मनाची समजूत घातली, ताप असेल.

"बरं नाही का?"

"बरी आहे. आणली का?" ती त्याच्याकडे बघतच नव्हती. तिची नजर पिशवीवर होती.

त्याने दोन ग्लासांत थोडी थोडी ओतली. ती आधी वास घ्यायची, मग जिभेवर ठेवायची. आज तिने पहिला ग्लास एका दमात संपवला आणि मग दुसरा. जरा वेळ डोळे मिटून बसली. "आता नीट घेते. ओता," ती म्हणाली. पुढे केलेला हात पूर्ण स्थिर होता.

सुदर्शनने बाटली ओट्यावर ठेवली.

"नंदा, उरलेली तू मोरीत ओततेस ना?"

"नाही."

"कधीपासून?"

"तुम्ही सोडली तेव्हापासून." दुधाचा भाव सांगावा इतक्या साध्या आवाजात ती बोलली. त्यात राग नव्हता, आणि तेच त्याला सोसवेना.

"आणि मी आणत नाही त्या दिवशी?"

"येरवड्यात दुकानं कमी आहेत का?"

तो ओट्याला टेकून उभा राहिला. दिग्विजयला खरं सांगावं तर नोकरी गेली. स्वतः प्यावी तर जीव गेला. तिसरा रस्ता समोर रिकामा ग्लास धरून बसला होता. बायकोवर त्याचं प्रेम होतं, त्यात खोट नव्हती. पण भीती प्रेमाहून मोठी होती. आपण कसले आहोत, हे त्याला त्या क्षणी लख्ख कळलं, आणि त्याने बाटली उचलली. दोन्ही ग्लास काठोकाठ भरले.

नंदाने या वेळी सावकाश चाखली. "पहिलीचा वास छान आहे, पण घशात खाजते. दुसरीचा कडूपणा येते अन् निघून जाते. लोक परत मागतील ती ही." आणि तीच ती पुढे पीत राहिली.

तेवढ्यात दिग्विजयचा फोन आला. सुदर्शनने तो ओट्यावर ठेवून स्पीकर लावला.

"दुसऱ्या टाकीतली," तो ठाम आवाजात म्हणाला. "पहिली घशाला लागते. हिचा कडूपणा रेंगाळत नाही."

"एक नंबर, सर. मग तो बेंगळुरूवाला कॅन्सल. आता एक करू, दर आठवड्याला सहा नवीन फ्लेवर ट्राय करू. तुम्ही कशाला ओझी वाहता? ड्रायव्हरच्या हातून बाटल्या घरी पाठवून देतो. चालेल ना?"

सुदर्शनने नंदाकडे पाहिलं. तिने ग्लास खाली ठेवला होता आणि ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. तो नाही म्हणेल, अशी तिला आशा होती की धास्ती, हे त्याला ओळखता आलं असतं. त्याने नजर वळवली.

"पाठवा," तो म्हणाला.