उत्तरेकडे तोंड

दुकानदाराने टबात हात घालून कासवं ढवळली तेव्हाच माझं डोकं फिरलं होतं. भाजीवाला टोपलीतल्या मिरच्या ढवळतो, तशी. दोन रुपयांच्या नाण्याएवढी तीसेक पिल्लं, हिरवीगार, डोळ्यामागे लाल पट्टा. एकमेकांच्या पाठीवर चढायची आणि घसरून पाण्यात पडायची.

"चाचा, टेन्शनच नाही," तो मला म्हणाला. "ये बडा होताच नहीं. जिंदगीभर एवढंच राहतं. दोन दाणे टाका, खलास."

थापांच्या बाबतीत मला आमच्या गावात, दापोड्यात, मान आहे. काल्हेरच्या खाडीत एका कासवाच्या पाठीवर आम्ही आठ पाट्या सुकट वाळत घातली आणि भरती आल्यावर ते सुकटीसकट वसईला निघून गेलं, ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की आता लोकच मला तिच्यातल्या चुका दाखवतात. पण माझ्या थापेने आजवर एक मुंगी मेलेली नाही. हा गृहस्थ मात्र त्या जिवाच्या तोंडावर त्याच्याबद्दल खोटं बोलत होता.

"न्हाय वाढत?" मी विचारलं. "म्हंजे याची आयस पन नाण्याएवढीच व्हती काय?"

"बाबा, गप्प बसा ना," माझा मुलगा प्रितेश म्हणाला.

प्रितेश कासवाच्या हौसेने आलाच नव्हता. आमची भातशेती गेली आणि तिच्यावर चार गोदामं उभी राहिली. तीन भाड्याने गेली, चौथं सहा महिने रिकामं. तेव्हा ठाण्याचे कोणी वास्तूवाले महाराज येऊन घरभर होकायंत्र घेऊन फिरले. त्यांनी सांगितलं, घरात जिवंत कासव ठेवा, तोंड उत्तरेला. आणि निवडताना जे आपणहून उत्तरेला बघत असेल तेच घ्या.

म्हणून दोन हजार सातच्या पौषातल्या कडक थंडीत, भिवंडीतल्या नारपोलीच्या त्या दुकानात, माझा शिकलेला मुलगा खिशातून होकायंत्र काढून टबावर धरून उभा होता.

आता सांगा, जिवंत कासवाचं पिल्लू एका दिशेला कशाला बघत बसेल? सगळी वळवळत होती. एक तर असं तरतरीत, की मी बोट नेलं तर मान लांब करून चावायला आलं. मागचा पाय धरला तर असा हिसका दिला, की माझी बोटं सुटली.

"ह्ये घे," मी म्हटलं. "यात जीव हाय."

"ते दक्षिणेला पळतंय, बाबा."

एकच पिल्लू हलत नव्हतं. कोपऱ्यात, बाकीच्यांच्या पायाखाली, तोंड उत्तरेला. बाकीची त्याच्या डोक्यावर पाय देऊन जात होती, तरी ते मान आत घेत नव्हतं.

"हे शांत आहे," प्रितेश म्हणाला. "हेच."

"शांत न्हाय, आजारी हाय. खाडीकाठी जल्म गेला माजा. जनावर हालत न्हाय तवा त्याला काय तरी झालेलं आसतं."

"बाबा, तुमचं कासव वसईला गेलं होतं ना?"

दुकानदार हसला. प्रितेश हसला. आजारी पिल्लू पिशवीत बांधलं गेलं आणि मी टेम्पोत मागे बसून भिवंडीपासून दापोड्यापर्यंत शिव्या देत आलो.

घरी खरा तमाशा सुरू झाला. देव्हाऱ्यासमोर पितळेची परात, परातीत बोटभर पाणी, पाण्यात कासव. सूनबाई दिपाली हौशी. देवळात गाभाऱ्यासमोर दगडाचं कासव असतं, आपण त्याच्यावर फूल वाहतो, मग हे तर जिवंत. सकाळी आंघोळ करून तिने त्याच्या पाठीवर हळदकुंकू वाहिलं, पेढ्याचा कण ठेवला. पाणी दुपारपर्यंत लाल. संध्याकाळी त्याला वास.

"दिपाली, त्याला उनात ठेव. चढून बसायला दगड दे," मी म्हणालो.

"देव्हाऱ्यात ऊन कुठून आणू, बाबा?"

"मग देव्हाऱ्यातून भायेर काढ."

माझी बायको सीताबाई आतून ओरडली, "देवाच्या कामात त्वांड नका घालू! चतुर्थीला बोंबील खानारा मानूस, तुमी नका शिकवू!"

तरी पहिल्या आठवड्यात जरा ऊब लागली म्हणा, कासव थोडं हलायला लागलं. हलायला लागलं म्हणजे वळायला लागलं. आणि घरावर संकट कोसळलं. तोंड पूर्वेला! प्रितेश नळाखाली दात घासत असला तरी ब्रश तोंडात ठेवून धावत यायचा आणि कासव उचलून फिरवायचा. दिपाली कुकरच्या शिट्ट्यांमधे फिरवायची. सीताबाई माळ ओढता ओढता फिरवायची. पाळ्या लागल्या हो, पाळ्या. कापडाच्या लूमवर शिफ्ट असते तशा. दिवसातून साठ वेळा त्या जिवाला कुणी ना कुणी उचलायचं.

शेवटी प्रितेशने काचवाल्याकडून मापाची पेटी करून आणली. कासवापेक्षा दोन बोटं लांब, रुंदीला जेमतेम कासवाएवढी. आत ठेवलं की वळायची सोयच नाही. पुढे भिंत, मागे भिंत, तोंड उत्तरेला.

मी त्या दिवशी जेवलो नाही. "आरं, चोराला कोठडीत टाकतात तवा त्याला कूस बदलाया तरी मिळते!" मी ओरडलो. दोनदा मी पेटी उचलून अंगणात उन्हात नेली. दोनदा दिपालीने परत आणली, वर मला हात जोडून म्हणाली, "बाबा, गोदामाचा प्रश्न आहे."

पंधराव्या दिवशी कासवाने डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांवर हरभऱ्याच्या डाळीएवढी सूज. दाणे समोर तरंगत राहिले.

प्रितेश म्हणतो, "ध्यान लागलंय."

ध्यान! दुपारपर्यंत आळीतल्या बायका दर्शनाला. कुणी नारळ आणला, कुणी अगरबत्ती. मी दारात उभा राहून प्रत्येकीला सांगितलं, बायांनो, ते मरतंय. त्या डोक्यावर पदर घेऊन हसत आत गेल्या. एकजण जाता जाता म्हणाली, "मामा, सुकट वाळली का?"

मी सरळ नारपोलीची रिक्षा धरली. दुकानदाराची कॉलर धरायचं वय नाही माझं, म्हणून त्याच्या काउंटरवर काठी आपटली. "खरं सांग. याला काय लागतं?"

त्याने गिऱ्हाईक नाही असं बघितलं आणि घडाघडा सांगितलं. पोहायला खोल पाणी. वर चढून कोरडं व्हायला दगड. रोज ऊन. नुसते दाणे नव्हे, कोलंबी, मासळी, पाला. पाणी दोन दिवसांनी बदलायचं. आणि जात परदेशी, होतं ते थाळीएवढं, जगतं वीस-पंचवीस वर्षं.

"मंग आदी का न्हाय सांगितलंस?"

"चाचा, सांगितलं तर घेणार कोण?"

इतकं निर्लज्ज खरं मी आजवर ऐकलं नव्हतं. परतताना मला कळून चुकलं, की हे मी घरी सांगितलं तर पुन्हा हसतील. आणि ते पिल्लू दोन-तीन दिवसांचं सोबती. म्हणून मी रिक्षातच एक थाप रचली. आयुष्यात पहिल्यांदा रागाने रचली.

घरी आलो, झोपाळ्यावर बसलो. प्रितेश आला तसा त्याला विचारलं, "आपल्या उत्तरेला कोण रे?"

"रघूकाका."

रघू माझा चुलत भाऊ. कुंपणाला कुंपण, गोदामाला गोदाम.

"रघूचं गोदाम गेल्या सोमवारी टायरवाल्यानी घेतलं. खरं ना?"

"हो. मग?"

"मंग कासव कुनाच्या गोदामाकडं बघत व्हतं पंधरा दिवस?"

प्रितेशचा चेहरा उतरला. मी आवाज खाली आणला. "माज्या आज्याच्या घरात आसंच झालं. कासव एका दिशेला जखडलं, आन् घरातली लक्ष्मी त्याच्या नजरेमागं चालत शेजाऱ्याच्या वट्यावर. कासवाला आठी दिशा मोकळ्या लागतात. मदी कोरडा दगड. वर सूर्याची नजर. नैवेद्य कोलंबीचा. डोळे मिटले म्हंजे आता उरलंसुरलं पन निघालं समज."

"बाबा, हे खरंय?"

"रघूला विचार. त्याला म्हाईत आसंल, म्हनून तर तो गप हाय."

पंधरा दिवस खरं बोललो, कुणी ऐकलं नाही. ही थाप मारली आणि प्रितेशने अर्ध्या तासात पेटी फोडली. मोठा जुना सिमेंटचा हौद घासला, आमच्याच जुन्या शेताच्या बांधावरचा चपटा दगड आणला, ऊन पडेल तिथे ठेवला. मग म्हणतो, "नाहीतर गावच्या तळ्यात सोडू का? आठी दिशा."

"आजारी परदेशी जीव तळ्यात टाकशील? मेलं तर पाप, जगलं तर तळ्यातलं सगळं खाईल. डॉक्टरकडं ने!"

जनावरांच्या डॉक्टरने सूज पाहिली आणि माझ्याकडे पाहून विचारलं, "उन्हात नव्हतं का कधी? पोटात काय गेलं?" मी म्हटलं, "पेढा." त्याने जे तोंड केलं, ते मी प्रितेशला नीट बघायला लावलं. डोळ्यांत घालायचे थेंब मिळाले, जीवनसत्त्वाचं औषध मिळालं. जगेल याची खात्री मिळाली नाही.

नऊ दिवस मी हौदाशी स्टूल टाकून बसलो. रोज कोलंबी बारीक करून चिमट्याने नाकाशी धरायची, रोज ती तशीच परत काढायची. सीताबाई चहा आणून द्यायची आणि हौदात डोकावून जायची. दहाव्या सकाळी एक डोळा उघडला. उजवा. त्याने चिमट्याकडे पाहिलं, मान पुढे केली आणि कोलंबी अशी ओढली की चिमटा हौदात पडला.

माझी हाक ऐकून सगळे धावले. दिपालीच्या हातात कुंकवाचा करंडा होताच. तिने वाकून बोट पुढे नेलं.

"दिपाली!" मी एवढा मोठ्याने ओरडलो की शेजारून रघू कुंपणाशी आला. "बाळारामदादा, काय झालं?"

दिपाली तशीच वाकून राहिली. कासवाच्या पाठीवर, खवल्यांच्या फटीत, पंधरा दिवसांचं कुंकू घट्ट बसलेलं होतं. तिने ते पाहिलं, बहुतेक पहिल्यांदा. करंडा बाजूला ठेवला, आत गेली आणि जुना मऊ टूथब्रश घेऊन आली. बराच वेळ हलक्या हाताने घासत बसली. कासव फुसफुसलं, तिच्या बोटाला चावायला गेलं, आणि सुटल्यावर स्वतःहून दगडावर चढलं. चारी पाय ताणून उन्हात पसरलं, तोंड रस्त्याकडे, म्हणजे दक्षिणेला.

चौथं गोदाम अजून रिकामंच होतं. प्रितेशने होकायंत्राच्या खिशाकडे हात नेला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि हात तसाच खाली सोडला.