पाहुण्याचे हात

टेलरमास्तरांचे हात रिकामे बसलेले कुणी पाहिले नव्हते. गप्पा मारता मारता समोरच्याच्या बाहीतून लोंबणारा दोरा ते हळूच ओढून तोडायचे. कुणाच्या लग्नाला गेले, तर नवरानवरी राहिली बाजूला, यांचं लक्ष नवऱ्याच्या कोटाच्या खांद्याकडे. खांदा चुकलेला दिसला की त्यांना घास गोड लागत नसे. अशा माणसाला परक्या मुलखात पाहुणा म्हणून नुसतं बसवून ठेवणं म्हणजे शिक्षाच. पण ही शिक्षा मास्तरांनी आपणहून मागून घेतली होती. तिकडे त्यांची धाकटी बहीण अंथरुणाला खिळली होती, आणि ती आता उठणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

बहिणीचं पाळण्यातलं नाव कुणाच्या लक्षात नव्हतं. लहानपणापासून ती चिमीच. दोघं बापाच्या शिलाईच्या दुकानात एकाच मशीनवर शिकली. बापाचा एक नेम होता. शिंप्याने स्वतःचं माप स्वतः घ्यायचं नाही. टेप धरायला हात उचलला की खांदा हलतो, आणि माणूस आपल्या पोटाच्या बाबतीत खरं कधीच बोलत नाही. म्हणून दादाचं माप चिमी घ्यायची आणि चिमीचं दादा. त्यात चिमीला टेपच्या नुसत्या स्पर्शाने गुदगुल्या व्हायच्या. वाकडीतिकडी व्हायची, खिदळायची, एक क्षण स्थिर राहील तर शपथ. मग कपडा कुठेतरी चुकायचा आणि बोलणी दादाला बसायची.

लग्नानंतर चिमी नवऱ्याबरोबर परदेशी गेली. तिथे दोघांनी दुकान टाकलं. पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं, कंबर आत घेणं अशी कामं. नवरा गेल्यावर ते तिने एकटीने चालवलं. आता खाली दुकानात पगारी बाई बसत होती, आणि वरच्या खोलीत चिमी पडून होती.

तिकडे जायच्या परवान्याचं सगळं चिमीच्या मुलीने, भाचीनेच केलं. पूर्वीसारख्या रांगा नाहीत, खेटे नाहीत. मोबाईलवर फोटो काढला, माहिती भरली, आणि थोड्या दिवसांचा ई-परवाना आला. मग तिने फोनवर नियम वाचून दाखवले.

"मामा, नीट ऐका. फिरायला परवानगी आहे. नातेवाइकांकडे राहता येतं. एखाद्या बैठकीला जाता येतं, छोटासा कोर्स करता येतो. नोकरी नाही, धंदा नाही. दुकानात फुकट मदतसुद्धा नाही. आणि तिथे लग्नही करता येणार नाही."

"घ्या! मी तर त्याच्यासाठीच येत होतो," मास्तर म्हणाले. पलीकडून चिमीचं हसणं ऐकू आलं, आणि हसण्यामागून खोकला.

"थोडक्यात जावयासारखं राहायचं," मास्तर म्हणाले. "खायचं, प्यायचं, आणि कशाला हात लावायचा नाही."

इतकं पक्कं कळलेला माणूस चुकला तो बॅग भरताना. दाढीचं सामान, औषधं, दोन स्वेटर, आणि त्यांच्याबरोबर कात्री, टेप, खडू, बोटात घालायचं अंगुस्तान आणि सुयांची डबी. मुद्दाम नव्हे. चष्मा घेतो तसं घेतलं. घराबाहेर पडताना शिंप्याला त्याच्या टेपशिवाय उघडं वाटतं, हे विमानतळावरच्या साहेबाला कोण सांगणार?

साहेबाने बॅग उघडली आणि मास्तरांना बाजूच्या खोलीत नेऊन बसवलं. फोनवर एक बाई भाषांतर करत होती. धंदा काय? शिवणकाम. इथे कुणाकडे? बहिणीकडे. बहीण काय करते? तिचं दुकान आहे. कसलं? मास्तरांनी ते सांगितलं आणि त्यांच्याच कानाला ते चोरासारखं वाटलं. साहेब रागावला नाही, हेच वाईट. शांतपणे त्याने सांगितलं, काम करताना आढळलात तर परवाना रद्द, पहिल्या विमानाने परत, आणि पुन्हा येणं विसरा. मग शिक्का मारून सोडलं. मास्तरांच्या सदऱ्याची पाठ घामाने ओली झाली होती.

पहिल्या विमानाने परत. चिमीला शेवटचं न बघता. या एका भीतीने त्यांनी घरी पोचताच हत्यारांची पिशवी बॅगेच्या तळाशी घातली, कुलूप लावलं आणि किल्ली भाचीच्या हातात दिली. विमानतळावर काय झालं ते मात्र सांगितलं नाही. आजारी माणसाच्या घरात आणखी काळजी कशाला, असा विचार केला. मोठ्या भावांना असले विचार फार सुचतात.

तिथून पुढे मास्तर पाहुणे झाले. चिमीच्या खाटेशेजारी खुर्ची टाकून बसायचे. खालून मशीनचा आवाज वर यायचा, आणि आवाजावरून त्यांना कळायचं की त्या बाईची सुई बोथट झालीय. सांगायला गेले नाहीत. जिना उतरून दुकानातून बाहेर जायचं तर हात पाठीमागे बांधून जायचे. दुकानाच्या दारावर कॅमेरा होता, समोर शेजाऱ्यांच्या खिडक्या होत्या. कोण कुणाकडे चुगली करेल, काय भरवसा?

पण दिवस चांगले होते, हे कबूल करायला हवं. दोघं पोटभर बोलली. कुठल्या गिऱ्हाइकाने कसला रंग निवडला होता, बाबांनी एका पुढाऱ्याच्या पँटला खिसाच कसा लावला नव्हता. चिमीच्या अंगावर मांस राहिलं नव्हतं, पण जीभ शाबूत होती.

एका सकाळी तिला बरं वाटत होतं. तिने भाचीकडून कपाटातला हिरवा ड्रेस काढून घेतला, भाची कामावर गेल्यावर तो मांडीवर पसरला.

"दादा, मला एकदा खाली जायचंय. दुकानात. माझ्या मशीनसमोर बसायचं, दोन गिऱ्हाइकं बघायची, बास. पण हा आता माझ्या अंगावर तंबू झालाय. शिंपीणच अशी ढगळ दिसली तर दुकानाची अब्रू जाईल."

"मग?"

"मग काय? माप घे आणि आत घे. इथे आल्यापासून मी अंदाजाने शिवते माझे कपडे. बाबा म्हणायचे तेच खरं. एकही नीट बसलेला नाही."

मास्तरांचे हात पुढे झाले होते. खरंच झाले होते. मग त्यांना ती खोली आठवली, शांत साहेब आठवला.

"खालच्या बाईकडे दे ना," ते म्हणाले.

"तिला नको. तू."

"चिमे, मला परवानगी नाही. उगाच कुणी पाहिलं, तर मला इथे राहू देणार नाहीत. मी इथे हवाय की ड्रेस हवाय तुला?"

चिमीला आधी वाटलं असेल, दादा थट्टा करतोय. थट्टा नाही हे कळल्यावर तिने ड्रेसची घडी घातली. हट्ट केला नाही. त्यांच्या घरात एकदा नाही म्हटलं की दुसऱ्यांदा विचारायची पद्धतच नव्हती, आणि त्या पद्धतीपायी त्या घराने बरंच काही गमावलं होतं.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "तुझ्या बाहीचं बटण लोंबतंय. इकडे ये. मला तरी परवानगी आहे ना?"

खाटेला टेकून, श्वास घेत घेत, तिने ते बटण लावलं. सुईत दोरा ओवायला तिला खूप वेळ लागला. मास्तर आपले हात गुडघ्यांखाली दाबून बसले होते. बटण वाकडं लागलं. "झकास," ते म्हणाले. चिमीने त्यांना एक शिवी दिली, कारण वाकडं लागलेलं तिलाही दिसत होतं.

खाली जायचं तिने पुन्हा नाव काढलं नाही.

त्याच आठवड्यात एका सकाळी, भाची चहा ठेवत असताना, चिमी गेली. मास्तर खुर्चीतच होते, तिचा हात हातात होता. ज्याच्यासाठी आले होते ते त्यांना मिळालं होतं. तरी त्यांना काहीतरी हातचं निसटल्यासारखं वाटत होतं, आणि ते काय हे त्यांना चांगलं माहीत होतं.

दुपारी न्यायला गाडी येणार होती. भाचीने डोळे पुसत कपाट उघडलं आणि हिरवा ड्रेस काढला. "आईला हाच आवडायचा. फार सैल होईल, पण मागून पिना लावून देते. कुणाला दिसणार नाही."

"पिना लावायच्या नाहीत," मास्तर इतक्या जोरात म्हणाले की भाची दचकली. "किल्ली दे."

त्यांनी बॅग उघडली, तळातून पिशवी काढली, टेप गळ्यात टाकला. मग खिडकीकडे बघून म्हणाले, "पडदा लाव. कुणी पाहिलं तर तुला त्रास व्हायला नको."

"कसला त्रास?"

तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. बाजूची खोली, साहेब, फोनवरची बाई. भाचीचा चेहरा आधी गोंधळला, मग पडला.

"मामा, अहो, ते दुकानाचं. गिऱ्हाइकाचं. घरात बसून स्वतःच्या बहिणीचा ड्रेस शिवला, तर ते कोण विचारतं?"

"चिमी विचारत होती," मास्तर म्हणाले.

भाची त्यांच्या शेजारी खाली बसली आणि रडू लागली. मास्तरांना रडायला वेळ नव्हता, गाडी यायची होती. त्यांनी चिमीच्या खांद्यावर टेप ठेवला. मग छातीवरून, कमरेवरून फिरवला. सवयीने थांबले, ती वाकडी होईल म्हणून, खिदळेल म्हणून. आयुष्यात पहिल्यांदाच चिमी माप देताना हलली नाही. आकडे अगदी अचूक आले.

मशीनला हात न लावता त्यांनी दोन्ही बाजू उसवल्या आणि हातानेच शिवल्या. बारीक, एकसारखे टाके. खांदाही उचलून घेतला. ड्रेस घातल्यावर तो असा बसला की भाची म्हणाली, "आई बरी असताना दिसायची तशी दिसतेय." मास्तरांनी मान हलवली. त्यांना खाली दुकानात त्या ड्रेसमध्ये बसलेली चिमी दिसत होती, मशीनसमोर, गिऱ्हाइकांवर डाफरणारी. अर्ध्या दिवसाचं काम होतं.

परवान्याची मुदत संपायच्या आधीच ते परत निघाले. वाटेत गाडीत त्यांनी उत्तर तयार केलं, भाचीकडून तिथल्या भाषेत म्हणवून घेतलं, आणि ओठांतल्या ओठांत घोकलं. काम केलंत का, असं विचारलं, तर सांगायचं : केलं. बहिणीचा ड्रेस शिवला. उशिरा शिवला. मग त्यांनी हवी ती शिक्षा द्यावी, पुन्हा येऊ देऊ नये. आता यायचं होतं कुणाकडे?

विमानतळावर भाचीने निरोप घेतला आणि मास्तर रांगेत उभे राहिले. बाहीचं वाकडं बटण बोटांनी चाचपत एकेक पाऊल पुढे सरकत होते. त्यांची पाळी आली तेव्हा समोर माणूसच नव्हता. एक यंत्र होतं. पासपोर्ट काचेवर ठेवायचा, कॅमेऱ्याकडे बघायचं, एवढंच.

त्यांनी पासपोर्ट ठेवला. कॅमेऱ्याकडे बघितलं. हिरवा दिवा लागला आणि दार उघडलं. मास्तर तिथेच उभे राहिले, कुणी काही विचारेल म्हणून.

मागच्या माणसाने हलकेच त्यांच्या पाठीला हात लावला आणि जा, असं खुणावलं.