चकत्यांच्या कडा

त्या सकाळी माझ्या पोटात एक थाळी होती. थाळीला चोवीस खळगे, प्रत्येक खळग्यात मऊ, गढूळ जेलीची एक चकती आणि वर पोषक द्रव. त्यातल्या बारांत औषधही घातलेलं. तापमान सदतीस अंश, शरीराच्या उबेइतकं.

मित्रांनो, मी प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातला एक जुना इन्क्युबेटर आहे, पेशी उबेत वाढवणारी पेटी. कारखान्यातून आलो तेव्हा आल्यागेल्याला मला कौतुकाने दाखवत. आता माझी बिजागरी कुरकुरते. नवा इन्क्युबेटर आल्यापासून मला कुणी विचारत नव्हतं. पण संशोधन करणाऱ्या ताईला जागा मिळाली ती माझ्याच पोटात.

ताईच्या आईचा हात उकळत्या तेलाने भाजला होता. जखम भरली, पण व्रण आखडत गेला आणि बोटं तळव्याकडे ओढली गेली. तशाच व्रणातल्या पेशी ताईने जेलीत मिसळल्या होत्या. या पेशी जेली ओढून घेतात आणि चकती लहान होते. औषधाने ही ओढ कमी होते का, एवढंच पाहायचं होतं.

तीन दिवसांनी ताईने दार उघडलं आणि ती जागीच थबकली. औषध नसलेल्या चकत्या बटणाएवढ्या झाल्या होत्या. औषधाच्या मात्र खळगा भरून, जशाच्या तशा! माझ्या पंख्यालाही गुदगुल्या झाल्या. शेजारच्या टेबलावरचा सहकारी धावत आला. सारखा मनगटाकडे बघतो म्हणून त्याला सगळे 'घड्याळ' म्हणत. ताईने लगेच आईला फोन लावला.

"निघालं वाटतं औषध?" आई म्हणाली. "बरं झालं बाई. डब्याचं झाकण उघडायला रोज शेजारणीला हाक मारते. तिला वाटतं, गप्पा मारायलाच बोलावते मी."

तेवढ्यात प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई आल्या. त्यांनी थाळी भिंगाखाली धरली.

"कडा सुईने सोडवल्यास?"

"हो, बाई."

"सगळ्यांच्या सारख्या?"

ताई भिंगावर वाकली. जेली घट्ट झाली की कडेने सुई फिरवून ती खळग्याच्या भिंतीपासून सुटी करतात. चिकटून राहिली तर आखडणार कशी? औषधाच्या चकत्या फाटतील या धास्तीने ताईने तिथे सुई जेमतेम टेकवली होती. त्या भिंतीला धरून बसल्या होत्या.

"लाडक्यांना सोपा पेपर दिलास तू," बाई म्हणाल्या. "पुन्हा कर. सुई तुझ्या हातात नको. आणि पेशी जिवंत आहेत का तेही पाहा. मेलेली पेशीही ओढत नाही."

"आईला काय सांगू आता?" ताई पुटपुटली.

"सांग, आणखी थोड्या गप्पा मार," घड्याळ म्हणाला.

या खेपेला औषध कुठे घातलंय ते फक्त ताईला ठाऊक होतं. सुई घड्याळने फिरवली, चोवीसही खळग्यांत सारखीच. थाळी हलवली तशा सगळ्या चकत्या मोकळ्या डुलल्या.

मित्रांनो, नंतर ताई कितीदा माझ्यापाशी आली, दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि न उघडताच परत गेली. मन आवरणं सोपं नसतं. तुम्हीही उत्सुकतेपोटी दार उघडून कुणाची ऊब घालवू नका. आणि माझ्यासारख्या जुन्या यंत्राच्या दाराचं रबर अधूनमधून पुसत जा. तेवढ्या जोरावर मी माझा अंश ढळू दिला नाही.

शेवटी दार उघडलं. घड्याळने मोजलं, ताईने लिहिलं, बाईंनी सरासरी काढली.

खळग्याचा व्यास साडेपंधरा मिलिमीटर. औषध नसलेल्या चकत्या सहा मिलिमीटर. औषधाच्या चकत्या अकरा मिलिमीटर, पेशी जिवंत.